थॉर्नबी घराण्याचा कुलवृत्तांत

मोरेश्वर बेहेरे यांनी एका इंग्रज घराण्याला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास मिळवून दिला, आणि अडीच महिन्यांनी भर जेवणाच्या टेबलावर तो परत मागून घेतला. घराणं त्यांच्या नात्यातलं नव्हतं. शेजारच्या मिसेस केलर सोडल्या तर त्यातलं एकही माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण काही लोकांना दुसऱ्याच्या घरातला बंद पंखा दिसला की हात शिवशिवतात, तसे मोरेश्वरांचे हात कोरा रकाना दिसला की शिवशिवतात. याला इलाज नाही.

एरवी गृहस्थ निरुपद्रवी. मूळचे पुण्याचे, आठ वर्षांपासून अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला. नोकरी डेटाबेसची, म्हणजे एका बिनखिडकीच्या इमारतीत शेकडो मशीन्स घुमत असतात, त्यांच्यातली माहिती आपापल्या रकान्यात शिस्तीत बसली आहे की नाही ते पाहायचं. घरीही तोच खाक्या. डाळींच्या डब्यांवर खरेदीच्या तारखा, आणि कपाटावर मोज्यांची यादी. मुलगी शिवांगी कॉलेजला गेल्यापासून तर घरात विसकटायलाही कोणी उरलं नव्हतं. त्यांची बायको गिरिजा हे सगळं बावीस वर्षं सोसत आली होती, आणि सोसताना मधूनमधून एखादं वाक्य बोलायची, जे मोरेश्वरांना रात्रभर पुरायचं.

त्यांच्या आयुष्यातला परमोच्च बिंदू म्हणजे बेहेरे कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती. सहाशे चाळीस पानं, निळी बांधणी, आणि पान नऊवर ठसठशीत छापलेलं: 'अमेरिका व कॅनडा विभाग प्रतिनिधी, श्री. मोरेश्वर त्र्यंबक बेहेरे'. या पदासाठी दुसरा उमेदवार नव्हता, हे खरं. पण एकसष्ट कुटुंबांकडून फॉर्म भरून घेणं खायचं काम नाही. शिकागोच्या एका बेहेऱ्याला त्यांनी अकरा फोन केले. बाराव्याला तो म्हणाला, "काका, मी आडनाव बदलतोय," तेव्हा कुठे त्यांनी त्याचा नाद सोडला.

तर २००७ सालच्या गणपतीत मिसेस केलर मोदक खायला आल्या. वय त्र्याऐंशी, पाठ ताठ, पायात बागेतले बूट. त्या अर्थातच इंग्रजीत बोलतात, पण त्यांचं बोलणं इथे मराठीतच सांगितलेलं बरं. मोरेश्वरांना त्या 'मोरी' म्हणत. पुण्यात मोरी कशाला म्हणतात, हे आठ वर्षांत त्यांना सांगायचा धीर मोरेश्वरांना झाला नव्हता. गिरिजाशी त्यांचं विशेष सख्य होतं. दोघी तासन्‌तास स्वयंपाकघरात काय बोलत, याची मोरेश्वरांनी कधी चौकशी केली नाही.

मोदक संपल्यावर मोरेश्वरांनी सवयीप्रमाणे कुलवृत्तांत काढला. घरी आलेला पाहुणा त्यातून सुटत नाही. मिसेस केलरनी जाड पुस्तक मांडीवर घेतलं आणि विचारलं, "यात सगळी तुमची माणसं?"

"तेरा पिढ्या," मोरेश्वर म्हणाले.

"माझं एकही नाही," त्या म्हणाल्या.

हे त्या अगदी सहज बोलल्या. मग कळलं ते असं. त्यांचा जन्म केनियातला. वडील जॉर्ज आर्थर थॉर्नबी तरुणपणी इंग्लंडहून तिकडे गेले, सरकारने दिलेल्या जमिनीवर गहू लावायला. ("दिलेल्या म्हणजे, दुसऱ्यांच्या काढून दिलेल्या," मिसेस केलर स्वतःच म्हणाल्या.) आई लहानपणीच गेली. वडील आपल्या माणसांबद्दल कधी बोलले नाहीत आणि एकोणचाळीस साली तेही गेले. लढाईत एक अमेरिकन विमानवाला भेटला, त्याच्याशी लग्न करून त्या इकडे आल्या. तो सहा वर्षांपूर्वी वारला. मूलबाळ नाही. आता येत्या वसंतात घर विकून त्या वृद्धांच्या एका वसाहतीत राहायला जाणार होत्या. त्या वसाहतीच्या फॉर्मवर एक रकाना होता: 'जवळचे नातेवाईक. नाव, नातं, फोन.' तो कोरा ठेवला म्हणून फॉर्म दोनदा परत आला होता. कोरा रकाना त्यांच्या सिस्टीममध्ये चालत नाही म्हणे.

"मला काही कोणाकडून काही नकोय," मिसेस केलर म्हणाल्या. "पण जगात आपलं एक तरी माणूस असावं, एवढं वाटतं."

गिरिजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोरेश्वरांच्याही आलं असतं, पण ते त्या रकान्यात अडकले होते. "दोन वीकएंडचं काम आहे," ते म्हणाले. "मी शोधून देतो तुमचं घराणं."

*

कामाला लागायचं तर पद्धत हवी. मोरेश्वरांनी कुलवृत्तांताचाच फॉर्म घेतला आणि तसाच्या तसा इंग्रजीत उतरवला. नाव, वडिलांचं नाव, पत्नीचं नाव, पत्नीचं माहेरचं नाव, जन्म, शिक्षण, विशेष माहिती. गोत्र आणि कुलदैवत हे दोन रकाने त्यांनी काढले नाहीत. समोर 'मिळवायचे आहे' असं लिहून ठेवलं.

आणि पहिल्याच शनिवारी त्यांना एक शोध लागला, ज्याने त्यांची झोप उडाली. इंग्रज माणूस नावातच वडिलांचं नाव लावतो! जॉर्ज आर्थर थॉर्नबी. म्हणजे जॉर्ज, वडील आर्थर. मोरेश्वर त्र्यंबक बेहेरे, तसंच. आता या आर्थरला शोधायचं. इंटरनेटवर केनियातल्या जुन्या इंग्रज वसाहतवाल्यांच्या याद्या मिळतात, त्यात त्याच भागात सापडले, आर्थर हेन्री थॉर्नबी! म्हणजे आजोबांचंही नाव हातात आलं, हेन्री. एका माणसात दोन पिढ्या. "बघ, किती पद्धतशीर लोक," ते गिरिजाला म्हणाले. "उगाच नाही दीडशे वर्षं राज्य केलं." मग त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये सोय केली की मधलं नाव आपोआप उचललं जाऊन 'वडिलांचं नाव' या रकान्यात पडेल. बटण दाबलं की पिढी तयार.

इंग्लंडात डेव्हन परगण्यातल्या एका गावात तीन हेन्री थॉर्नबी होते. त्यातला ज्याला मधलं नाव होतं, तोच मोरेश्वरांनी घेतला, कारण पुढची वाट त्याच्याकडेच होती. हेन्री चार्ल्स, चार्ल्स जेम्स, जेम्स विल्यम, असे ते चार वीकएंडमध्ये सतराशे ऐंशीपर्यंत पोचले. तिथे एक विल्यम मधल्या नावाशिवाय सापडला. ज्याला वडील नाहीत तो मूळपुरुष, असं ठरवून त्यांनी त्याला चौकटीत बसवलं आणि चहा मागितला.

बायकांच्या बाबतीतही त्यांनी असाच एक गुंता सोडवला. आर्थरचं लग्न डेव्हनच्या नोंदवहीत विनिफ्रेड कोल या मुलीशी लागलेलं होतं. पुढे केनियातल्या यादीत मात्र 'श्री. आर्थर व सौ. मॉड थॉर्नबी' असं होतं. दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मोरेश्वर गोंधळले नाहीत. त्यांनी लिहिलं: 'सौ. मॉड (माहेरची विनिफ्रेड).' त्यांच्या स्वतःच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने त्यांनीच नाही का नाव लिहिलं होतं? माहेरची रेणू पाठक त्या क्षणाला गिरिजा बेहेरे झाली. नाव आत्याबाईंनी सुचवलं होतं. मोरेश्वर म्हणजे गणपती आणि गिरिजा म्हणजे त्याची आई, हे त्या भरल्या मांडवात भटजींसकट कोणाच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते चार दिवसांनी, आणि तोवर घरातल्या ताटावाट्यांवर नाव घालून झालं होतं.

*

आता अशी गोष्ट इथल्या मराठी मंडळात लपून राहत नाही. अवधूत नावाचा त्यांचा नागपूरचा सहकारी आहे. त्याला प्रत्येक विषयातलं थोडं थोडं माहीत असतं आणि तेवढं तो पूर्ण आत्मविश्वासाने सांगतो. "कागद कशाला शोधता भाऊ?" तो म्हणाला. "डीएनए करून टाका ना यार. गालात काडी फिरवायची, पोस्टात टाकायची. विषय संपला." त्याने परस्पर किट मागवूनही टाकलं.

काडी घेऊन मोरेश्वर मिसेस केलरकडे गेले आणि संकोचामुळे काहीच नीट सांगू शकले नाहीत. त्यांनी नुसती काडी पुढे केली. मिसेस केलरनी डोळे मिटले, हात जोडले आणि तोंड उघडलं. काम झाल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गणपतीचा विधी ना हा? आधी सांगितलं असतं तर मी उपाशी राहिले असते." पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला: मूळ वायव्य युरोपातलं. "एवढं तर मला कुंपणापलीकडून दिसत होतं," गिरिजा म्हणाली.

मंडळाच्या मालिनी काकूंनी वेगळाच सल्ला दिला. त्यांच्या मते आधी कुलदैवत शोधायला हवं, म्हणजे गाव सापडतं, आणि गाव सापडलं की माणसं कुठे जाणार? इंग्रजांना कुलदैवत नसतं, असं मोरेश्वरांनी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "नसतं कसं? विसरले असतील. आपल्याकडे नाही का विसरत लोक?" यावर काय बोलणार! मोरेश्वरांनी त्या रकान्यापुढे 'विस्मृत' असं लिहिलं.

मग सरकारी पातळीवर प्रयत्न सुरू झाले. जॉर्ज थॉर्नबींच्या मृत्यूची नोंद मागायला नैरोबीच्या एका कचेरीला त्यांनी पत्र धाडलं. तिथून अर्जाचा नमुना आला. त्यात विचारलं होतं, 'मयताशी अर्जदाराचं नातं?' मोरेश्वर खोटं लिहिणारे नव्हेत. त्यांनी लिहिलं, 'मयत हे माझ्या शेजारणीचे वडील.' उत्तर आलं की या नात्यासाठी नमुना उपलब्ध नाही. त्यांनी उलट विचारलं, की मग कोणत्या नात्यासाठी आहे. त्यावर नात्यांची यादी आली, ती बेहेरे कुलवृत्तांतातल्या यादीपेक्षा बरीच तोकडी होती. मोरेश्वरांनी त्यांना मोठ्या मनाने आपली यादी पाठवली. त्यानंतर पत्रव्यवहार थांबला.

राजधानीतल्या एका मोठ्या ग्रंथालयात केनियाचे जुने गॅझेट आहेत असं कळलं. एका शनिवारी मोरेश्वर तिकडे गेले. दारात त्यांचं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. मग थर्मास काढून घेतला. दिवसभर मायक्रोफिल्मचं चाक फिरवून त्यांना बस लागल्यासारखं झालं. संध्याकाळी निघताना त्यांच्या पिशवीत निळ्या बांधणीचं जाडजूड पुस्तक दिसलं. संदर्भ म्हणून त्यांनी कुलवृत्तांत बरोबर नेला होता.

"हे पुस्तक बाहेर नेता येणार नाही," रखवालदार म्हणाला.

"माझं आहे हो."

"पुरावा?"

मोरेश्वरांनी पान नऊ उघडून आपलं नाव दाखवलं. ते देवनागरीत होतं. रखवालदाराने साहेबाला बोलावलं, त्याने आपल्या साहेबाला. शेवटी मराठी वाचता येणाऱ्या एका बाईंना वरच्या मजल्यावरून आणलं. त्यांनी पुस्तक चाळलं, पान नऊ वाचलं, मोरेश्वरांकडे आदराने पाहिलं आणि सांगितलं की हे पुस्तक आमच्या संग्रहात नाही. मोरेश्वर सुखावले. "तर मग," बाई म्हणाल्या, "भेट म्हणून ठेवूनच जाता का?" एवढा सन्मान त्यांना परवडणारा नव्हता. घरात ती एकच प्रत होती. पुस्तक छातीशी धरून ते जवळजवळ पळतच बाहेर पडले, आणि थर्मास तिथेच राहिला.

मधल्या काळात त्यांनी सगळी वंशावळ इंटरनेटवरच्या वंशावळीवाल्यांच्या एका मंडळावर टाकली होती. डेव्हनच्या कोणा बाईने खाली लिहिलं, 'मधल्या नावावरून वडील ठरवू नयेत.' मोरेश्वर हसले. "या लोकांना आपलीच पद्धत माहीत नाही," ते गिरिजाला म्हणाले.

आणि ऑक्टोबरअखेर ती ई-मेल आली. पाठवणारे राल्फ एडवर्ड थॉर्नबी. वय एकोणऐंशी, टेक्सासमध्ये प्लेनोला राहणारे, निवृत्त इंजिनीअर, विधुर. वडील एडवर्ड आर्थर, आजोबा आर्थर हेन्री, जन्म केनियाचा. मधली नावं कशी चोख बसली होती! बटण दाबताच राल्फ आपोआप मिसेस केलरच्या शेजारच्या फांदीवर जाऊन बसले. सख्खे चुलत भाऊ.

ही बातमी ऐकून मिसेस केलरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "त्याला टर्की चालते ना?" थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या टर्की पक्ष्याच्या मेजवानीच्या सणाला, राल्फना बोलवायचं ठरलं. वसाहतीचा फॉर्म काढून त्यांनी टेबलाच्या खणात वरच ठेवला. आल्यावर त्याच्याच हाताने भरून घेऊ, म्हणाल्या.

*

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मोरेश्वरांनी सहा फुटी वंशवृक्ष दिवाणखान्यात जमिनीवर पसरला. छापून आणलेला, खाली 'संकलक: मो. त्र्यं. बेहेरे'. गिरिजा हात पुसत आली आणि वाकून वाचायला लागली. आजवर तिला कोणी दाखवलाच नव्हता.

"हे काय? 'सौ. मॉड, माहेरची विनिफ्रेड'?"

"लग्नात नाव बदललं."

"अहो, यांच्यात लग्नात आडनाव बदलतं. नाव कुठे बदलतं? आठ वर्षं झाली या देशात. कोणा जेनिफरची लग्नानंतर सुमित्रा झालेली पाहिलीत का तुम्ही?"

मोरेश्वर हसायला गेले, पण हसू मधेच अडकलं. "मग विनिफ्रेड गेली कुठे?"

"वारली असेल बिचारी. आणि तुम्ही तिला मॉड करून पुन्हा संसाराला जुंपलीत." ती पुढे वाचत राहिली. "आणि मिसेस केलरचे वडील या आर्थरखाली कशाला?"

"जॉर्ज आर्थर. आर्थरचा जॉर्ज."

"आर्थर त्यांच्या जन्माच्या वेळच्या डॉक्टरचं नाव. ते पायाळू जन्मले, डॉक्टरने वाचवलं, म्हणून आईने त्याचं नाव मधे घातलं. वडिलांनी आपल्या जन्माची एवढी एकच गोष्ट सांगितली होती त्यांना."

"तुला कोणी सांगितलं?"

"मिसेस केलरनी. ऑक्टोबरात. अ‍ॅपल पाय शिकवत होत्या तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत?"

मोरेश्वर खाली वंशवृक्षावरच बसले. त्यांना एकेक ओळखीचा अमेरिकन आठवायला लागला. त्यांचा बॉस स्टीव्हन पॉल. त्याच्या वडिलांचं नाव फ्रँक. मागच्याच वर्षी त्यांच्या अंत्यविधीला मोरेश्वर काळा कोट घालून गेले होते, कार्डावर फ्रँक हे नाव वाचलंही होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. सव्वादोनशे वर्षं एका बटणावर उभी केली होती, आणि ते बटणच चुकीचं होतं.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं. राल्फ यांचं विमान केव्हाच सुटलं होतं.

"सांगायचं," गिरिजा म्हणाली. "आणि आज सांगायचं. तो फॉर्म भरायच्या आधी."

*

विमानतळावरून येताना गाडीत सांगून टाकावं, असं मोरेश्वरांनी ठरवलं होतं. पण राल्फ बोलू देतील तर ना! उंच, किडकिडीत म्हातारा, मांडीवर कागदात गुंडाळलेलं पुडकं. "हा माझ्या शाळेचा टाय," ते म्हणाले. "तीही नकुरूच्याच शाळेत होती ना? तिला दाखवायला आणलाय." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "विमानात शेजारच्याने विचारलं, कुठे निघालात. म्हटलं, बहिणीकडे. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो मी हे." मोरेश्वरांनी गाडी उगाचच आणखी हळू केली. मागून हॉर्न वाजले तरी त्यांना वाईट वाटलं नाही.

मिसेस केलरकडे जेवणाच्या टेबलावर तर मोरेश्वरांची आणखीच पंचाईत झाली. टर्कीला हात लागायच्या आधीच दोघं म्हातारे पाच वर्षांचे झाले होते. शाळेतली मिस ट्रिग कशी पट्टीने गुडघे मोजायची. मोलो स्टेशनवरचे मास्तर, मिस्टर नाईक, मुलांना पेपरमिंट द्यायचे आणि मगच गाडीला हिरवा दिवा दाखवायचे. ("नाईक? कुठले नाईक?" मोरेश्वर खुर्चीतून अर्धे उठले. गिरिजाने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.) मग मिसेस केलर म्हणाल्या, "आणि वांजिरू. माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली. मला वाढवलं वांजिरूने. तिच्या पाठीवर बांधलेली असायची मी. पुढे तिकडे दंगे झाले, सरकारने तिच्या लोकांची गावंच्या गावं उठवली. मी इथून पत्रं टाकत होते. सगळी परत आली." मोरेश्वरांच्या हातून घेऊन त्यांनी स्वतःच भिंतीला लावलेल्या वंशवृक्षाकडे पाहिलं. "यात ती कुठे आहे, मोरी?"

मोरेश्वरांनी वसाहतवाल्यांची ती यादी पाहिली होती. यादीत घोड्यांची नावं होती, आणि माणसांपुढे 'नोकर: चौदा' एवढंच होतं. आता याहून आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. ते उभे राहिले.

"ती यात नाही," ते म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर, तुम्हीही यात नाही."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मधलं नाव, विनिफ्रेड, मॉड, बटण, सगळं. डेव्हनच्या बाईला आपण हसलो तेही सांगितलं, त्याची काही गरज नव्हती तरी. विनिफ्रेड मोंबासाला उतरण्याआधीच बोटीवर वारली होती, आणि मॉड ही आजोबांची दुसरी बायको, हे राल्फनी मधेच हळू आवाजात सांगितलं. मोरेश्वरांनी मान डोलावली. लाजेने त्यांचे कान तापले होते. सहाशे चाळीस पानांच्या घराण्यात आजवर कोणी असं तोंडघशी पडलं नसेल, असं त्यांना वाटलं.

राल्फनी नॅपकिनची चौकोनी घडी केली. "म्हणजे मी हिचा कोणी नाही."

"नाही."

"यातली एकही रेघ खरी नाही?" मिसेस केलरनी विचारलं.

"तुमची आणि तुमच्या वडिलांची खरी आहे."

"ती मला माहीत होती," त्या म्हणाल्या.

गिरिजाने उगाच सगळ्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. राल्फ टायचं पुडकं पुन्हा कागदात गुंडाळायला लागले, आणि त्यांची बोटं दोऱ्याशी झटापट करायला लागली. ते बघून काहीतरी बोलायचं म्हणून मोरेश्वर म्हणाले, "आमच्या कुलवृत्तांतात... म्हणजे, रक्ताचं नातं नसलं तरी सोय असते. दत्तक आला की त्याला तुटक रेघ काढतात. पण एकदा काढली की तो घरातलाच. पुढे त्याची मुलंबाळं सरळ रेघेवर येतात."

"कोणाला विचारावं लागतं?" मिसेस केलर म्हणाल्या.

"घरातल्या मोठ्या माणसाला."

"घरात मी एकटीच आहे." त्या उठल्या. फोनजवळची पेन्सिल त्यांनी घेतली आणि वंशवृक्षापाशी गेल्या. मूळपुरुषापासून आर्थरपर्यंतच्या साऱ्या मंडळींकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी आपल्या नावाच्या वर, आईच्या जागी, तुटक तुटक रेघ ओढली आणि लिहिलं, 'वांजिरू'. तिथे थोडा वेळ त्यांचा हात थांबला. मग शेजारी दुसरी रेघ ओढली: 'राल्फ'. "दोरा सोड रे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "अ‍ॅपल पाय कापायचाय अजून." राल्फनी दोरा सोडला.

तिसरी रेघ त्यांनी आपल्या नावाखाली काढली, मुलाबाळांच्या जागी. लिहिलं, 'रेणू'.

"हे कोण?" मोरेश्वरांनी विचारलं.

तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. राल्फनी सुद्धा, ते तर चार तासांपूर्वी आले होते.

"तुझी बायको," मिसेस केलर म्हणाल्या. "तिच्या आईने ठेवलेलं नाव. मी तर तिला पहिल्या दिवसापासून याच नावाने हाक मारते. तू काय ऐकत होतास, मोरी?" मग त्यांनी 'रेणू'च्या शेजारी बरोबरचं चिन्ह काढलं आणि बारीक अक्षरात 'मोरी' असं लिहिलं. बेहेरे घराण्याच्या अमेरिका व कॅनडा विभागाचा प्रतिनिधी पहिल्यांदाच कोणाच्या तरी वंशावळीत बायकोचा नवरा म्हणून नोंदला गेला.

गिरिजा स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते. कांदा कापत होते म्हणाली. अ‍ॅपल पायमध्ये कांदा नसतो, हे मोरेश्वरांनाही माहीत होतं.

खणातला फॉर्म त्याच संध्याकाळी भरला गेला. जवळचे नातेवाईक: रेणू बेहेरे आणि राल्फ थॉर्नबी. नातं या रकान्यात मिसेस केलरनी दोघांच्याही पुढे 'तुटक रेघ' असं लिहिलं. हे काही चालणार नाही, असं मोरेश्वर सारखे सांगत होते. फॉर्म पहिल्या फटक्यात मंजूर झाला. रकाना कोरा नव्हता ना!

*

रविवारी राल्फना विमानात बसवून मोरेश्वर घरी आले आणि संगणकासमोर बसले. पुण्याला कुलवृत्तांताच्या कार्यालयाला त्यांनी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. 'पान ३१२, ओळ चौथी. पत्नीचे नाव रेणू असे वाचावे.' कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'प्रतिनिधीची चूक.' मग ते स्वयंपाकघरात गेले, तारखा लिहिलेल्या डब्यांमधून चहाचा डबा शोधला, आधण ठेवलं, आणि जिन्याखाली येऊन उभे राहिले. घसा खाकरला. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतली.

"रेणू," त्यांनी हाक मारली, "चहा घेणार?"

वरून काहीच उत्तर आलं नाही. त्यांनी परत हाक मारली. बावीस वर्षांत त्यांच्या आवाजात ते नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे ओ आली ती तिसऱ्या हाकेला.